पडद्याच्या उलट्या बाजूचं साल

सुलू,

भांडण अर्धवट टाकून जायची तुझी रीत नव्हती. गॅसवर दूध ठेवून तू शेजारणीकडे गेली आहेस, अर्धी भेंडी चिरून झोपली आहेस, एकदा तर माझ्या अर्ध्याच डोक्याला मेंदी लावून बाजारात निघून गेली होतीस. पण भांडण? ते तू शेवटपर्यंत न्यायचीस, आणि शेवट आला की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचीस. म्हणून तुझं तेरावं झालं तरी मला वाटून राहिलं आहे, की तू फक्त पाणी प्यायला उठली आहेस.

तुझा नितीन म्हणतो, "मोठी आई, आपल्या मराठी मंडळाच्या अंकात आईवर तुम्हीच लिहा. जन्म, शिक्षण, स्वभाव, सब कुछ." जन्माचं म्हणशील तर तू स्वतःच दोन वेगवेगळी सालं सांगायचीस. स्वभावाबद्दल 'मनमिळाऊ' असं लिहिलं तर वरून माझ्या डोक्यात लाटणं टाकशील. तेव्हा ते सगळं सोडते आणि आपल्या वादाबद्दलच लिहिते.

अंक वाचणाऱ्यांना कळावं म्हणून थोडं सांगते, तू तेवढा वेळ कान बंद कर. आम्ही दोघी एका घरच्या सुना. मी थोरली, ही धाकटी जाऊ. सासरे आणि दोघींचे नवरे फॅक्टरीत, आणि सासूबाईंसकट सगळे फॅक्टरीच्या वसाहतीत, इस्टेटमधल्या एकाच क्वार्टरमध्ये. आमचा जन्माचा वाद एकच होता: ऐंशीच्या दशकात पिक्चरसाठी सगळ्यांत चांगलं साल कोणतं? मी म्हणायची त्र्याऐंशी. ही म्हणायची शहाऐंशी. जी हरेल तिने सगळ्यांचा चहा करायचा, असा करार होता. इतक्या वर्षांत कोणी हरलंच नाही, म्हणून चहा कायम पुरुषांनी केला. आमच्या घरातले पुरुष चहा करायला शिकले ते या भांडणामुळे, संस्कारांमुळे नाही.

झालं. आता ऐक.

भेडाघाटला नावेत बसून आपण भांडलो होतो, आठवतं? नाववाला बिचारा संगमरवरी कड्यांकडे बोट दाखवून यमकं जुळवलेली तुकबंदी म्हणत होता, आणि आपलं आपलं चाललेलं.

"तुझ्या शहाऐंशीत होतं काय? नाग, नागीण, डाकू, आणि पुन्हा नाग."

"आणि तुमच्या त्र्याऐंशीत? हीरोचे केस."

"केस म्हणजे काही कमी गोष्ट आहे काय?"

"ताई, त्यातले अर्धे विग होते."

शेवटी नाववाल्याने वल्हं थांबवलं आणि हात जोडले. "दीदी लोग, पहले आप ही बोल लीजिए. पहाड़ कहीं भागे नहीं जा रहे." तू त्याला म्हणालीस, "भैया, आप बताइए, कौन सा साल?" तो म्हणाला, "हम तो उस टैम पैदा ही नहीं हुए थे." म्हाताऱ्या झालो हे आपल्याला त्या नाववाल्याने सांगितलं.

माझ्या त्र्याऐंशीची तू कायम टिंगल केलीस, आणि खरं सांगू, टिंगल करण्यासारखीच होते मी. ती बाई आज रस्त्यात भेटली तर मी ओळख दाखवणार नाही. लग्नाला थोडेच दिवस झालेले, अंगावर नायलॉनची साडी, डोळ्यांवर नवऱ्याचा गॉगल, तोही नाकावरून सारखा घसरणारा. सासूबाईंना सांगायची, साडीला फॉल लावायला टाकलाय तो घेऊन येते, आणि रिक्षा करून थेट शहरात मॅटिनीला. एकाच साडीचा फॉल वर्षभर लागून राहिला होता. इंटरव्हलला उगीच उभी राहायची, बाल्कनीतल्या सगळ्यांनी बघावं म्हणून. मला वाटायचं मी अगदी पडद्यावरच्या तिच्यासारखी दिसते. एकदा मागून आवाज आला, "माताजी, बैठ जाइए, पीछे बच्चे हैं." पंचविशीत मी माताजी झाले, तरी अक्कल आली नाही. लाडक्या हीरोचा फोटो मासिकातून कापून मी स्वयंपाकघराच्या फळीवर, डब्यांखाली घालायच्या पेपराच्या खाली लपवला होता. सासूबाईंनी नेमका त्याच्या तोंडावर हिंगाचा डबा ठेवला. अजूनही तो टीव्हीवर दिसला की मला हिंगाचा वास येतो. तू लग्न होऊन आलीस तेव्हा मी मोठ्या विश्वासाने तुला तो फोटो दाखवला, आणि तू म्हणालीस, "चांगला आहे. पण सर्दी झाल्यासारखा दिसतो."

त्या दिवशीच मी ओळखलं होतं, ही पोरगी मला सुखाने जगू देणार नाही.

तुझं शहाऐंशी मात्र टॉकीजमधलं नव्हतंच. ते इस्टेटच्या मैदानातलं होतं. थंडीच्या दिवसांत दर शनिवारी अंधार पडला की दोन बांबूंना पांढरं कापड ताणून पिक्चर दाखवायचे. समोर खुर्च्यांवर साहेब लोक, त्यांच्या मागे सतरंज्यांवर बाकीची सगळी वस्ती. खुर्च्यांच्या कडेला मफलर गुंडाळून मामंजी, आपले सासरे. आता मामंजी तिथे बसलेत म्हटल्यावर सुनांनी त्यांच्या देखत प्रेमाची गाणी कशी बघायची? म्हणून आपल्या लाइनमधल्या सुना पडद्याच्या मागच्या बाजूला बसायच्या, गोणपाटाची बोरी अंथरून, मांडीवर भुईमुगाच्या शेंगांचा पुडा घेऊन. हा नियम कोणी केला नव्हता. म्हणून मोडायचा कोणाला तेही कळत नव्हतं.

मागून पिक्चर उलटा दिसतो. पोलीस डाव्या हाताने गोळी मारतो, पुजारी डाव्या हाताने प्रसाद देतो, आणि पाटीवरचं एक अक्षर लागत नाही. पिक्चरचं नावही उलटं, त्यामुळे आपण नावं आपल्याच मनाची ठेवली. विहिरीवाला. डावरा इन्स्पेक्टर. दोन सासवांचा. आणि वर ते पिक्चर त्या सालचे नव्हतेच. सगळी टॉकीज फिरून, घासून, तुटून-जोडून आपल्याकडे यायचे. माझं सगळ्यांत मोठं हत्यार तेच होतं.

"तुझ्या सालात एक पिक्चर त्या सालचा नाही. सगळे शिळे!"

"शिळी भाजी असते ताई. पिक्चर शिळा नसतो."

मग मी आवाज वाढवायची.

पण सुलू, मला माहीत होतं. इतकी वर्षं मी 'शिळे, शिळे' म्हणून ओरडले, आणि तू शहाऐंशीला का धरून बसली आहेस, हे त्या ओरडण्याच्या खाली मला माहीत होतं. तुलाही माहीत होतं की मला माहीत आहे. आपण त्याबद्दल कधी बोललो नाही. आपण सालाबद्दल बोललो.

त्या वर्षी तू बाळंतपणाला माहेरी बालाघाटला गेलीस आणि परत आलीस ती एकटी. मुलगी होती. थोडी जगली. सासूबाईंनी घरात सगळ्यांना सांगून ठेवलं, तिच्यासमोर विषय काढायचा नाही, बोललं की दुखतं. त्या काही वाईट नव्हत्या. त्यांना जेवढं समजत होतं तेवढं त्यांनी केलं. पाळण्याचं कडं छताला होतं, ते काढून घेतलं. तुझ्यासमोर कोणी दुसऱ्याचं मूल उचलत नव्हतं. आणि तू दोनच शब्द बोलायचीस. हो, आणि नाही. सुलू, जेवलीस? हो. सुलू, बरं वाटतं? हो. बाजारात येतेस? नाही. त्या 'हो'मध्ये माणूस नसायचं. खोलीचं दार उघडं असावं आणि आत कोणी नसावं, तसं.

शनिवारी मी तुला ओढत मैदानावर न्यायची. काही फार मोठा विचार नव्हता त्यात. मला एकटीला जायला सासूबाई सोडत नव्हत्या, 'सुलूचं मन रमवते' म्हटलं की सोडत होत्या. बरं, मी तरी कशी? शहरात तो पिक्चर आधीच बघून आलेली, त्यामुळे मागे बसून प्रत्येक डायलॉग आधी मीच म्हणायची. "आता बघ, हा पडेल. पडला! आता ती किंचाळेल." शेजारच्या बायका हात जोडायच्या. मी इतकी बोलायची की तू बोलत नाहीस हे मला तरी ऐकू येऊ नये.

आणि मग एका शनिवारी, पडद्यावर हिरॉइन पाणी भरून चाललेली, तू माझ्या दंडाला हात लावून म्हणालीस, "ताई, ही हिरॉइन गुजराती आहे काय?"

मी म्हटलं, "काहून?"

"पदर उजव्या खांद्यावर आहे न तिचा."

अगं, आपण उलट्या बाजूला बसलो होतो! सगळ्या हिंदुस्थानच्या बायकांचे पदर तिथून उजव्याच खांद्यावर दिसत होते. मी इतक्या मोठ्याने हसले की कापडाच्या पलीकडून मामंजी खाकरले. त्यांचं खाकरणं ऐकून तूही हसलीस. बालाघाटहून आल्यापासूनचं ते तुझं पहिलं अख्खं वाक्य होतं.

त्यानंतर तू दर शनिवारी आपणहून शाल घेऊन तयार असायचीस. मागची ती जागा मला नंतर समजली. अख्खी फॅक्टरी आपल्याकडे तोंड करून बसलेली असायची, पण मधे कापड होतं. आपल्याला कोणी बघत नव्हतं. कापडातून गाळून आलेला उजेड तुझ्या तोंडावर हलायचा. तू त्या उजेडात रडत होतीस की पिक्चर बघत होतीस, मी कधी मान वळवून पाहिलं नाही. मी पुढचे डायलॉग सांगत राहिले.

फक्त एकदा गप्प बसले. 'विहिरीवाला' होता तो, ज्यात आई काठावर उभी राहून आत हाका मारते. सगळ्या बायका पदर तोंडाला लावून रडत होत्या. तू एक शेंग फोडली, दाणे माझ्या हातावर ठेवले आणि म्हणालीस, "मी तिचं नाव ठेवलं होतं ताई. कोणी विचारलंच नाही." मग ते नाव तू मला सांगितलंस. मी शाल तुझ्याकडे जास्तीची सरकवली, एवढंच. मला दुसरं काही करता आलं नाही, सुलू, आणि आजही आलं नसतं.

पुढे मामंजी रिटायर झाले, क्वार्टर सुटलं, आपण रिछाईच्या बाजूला स्वतःचं घर केलं, टीव्ही आला, नितीन झाला. पिक्चर समोरून बघायला लागलो. तू म्हणायचीस, "समोरून मजा नाही येत. सगळे उजव्या हाताने जेवतात." घरातल्यांना तो विनोद वाटायचा. मलाही वाटतो असं मी दाखवायची.

आता गेल्या महिन्यातलं.

तू डॉक्टरकडून घरी आलेली, पलंगावर. मी शिंगाडे उकडून आणले होते. तुझ्या नखांना जोर राहिला नव्हता, म्हणून मीच सोलत होते. तू डोळे मिटून पडलेली. मला ते बघवेना, म्हणून मी आपलं नेहमीचं औषध काढलं. म्हटलं, "काही म्हण सुलू, त्र्याऐंशीची सर तुझ्या सालाला नाही. तुझे सगळे शिळे." मी थांबले. आता भाजीचं येईल. मग विगाचं येईल. मग मी आवाज वाढवेन, नितीन आतून ओरडेल, "आप दोनों चुप करो."

तू म्हणालीस, "हो ताई. तुमचंच साल चांगलं होतं."

माझ्या हातातला शिंगाडा तसाच राहिला. मी म्हटलं, "नाटकं करू नको. काय म्हणालीस?"

"हो."

तोच 'हो', सुलू. इस्टेटमधल्या क्वार्टरमधला. दार उघडं, आत कोणी नाही.

नितीन आतून हसत आला. "अरे वा! आई हार गई? मोठी आई, जीत गए आप!" त्याने आनंदाने माझ्या पाठीवर थाप मारली. मी शिंगाडा सोलून तुझ्या ओठांशी नेला, तू तोंड फिरवलंस. मग तुला दवाखान्यात नेलं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे, मला ते लिहायचं नाही.

मला झोप येत नाही ती या जिंकण्यामुळे. तू थकली होतीस म्हणून म्हणालीस? मला बरं वाटावं म्हणून? की तू खरंच विसरली होतीस? शहाऐंशी तुझ्या हातातून निसटलं असेल, तर ती पोरगीही तुझ्या हातातून निसटली, आणि तू तिच्याविना गेलीस. की उलट आहे? इतकी वर्षं मुठीत धरलेलं साल तू आपणहून सोडलंस, की बाई, झालं आता, आता मीच तिच्याकडे चालले आहे, साल घेऊन काय करू? मी उलटून-पालटून बघते. पाटीवरच्या त्या अक्षरांसारखं, कुठूनच लागत नाही. आणि विचारायचं कोणाला? तूच एक होतीस.

तेराव्याला पाहुणे पांगले. माझी नात इरा मोबाइल घेऊन जवळ बसली. नितीनला वाटलं, आईच्या सालचे पिक्चर शोधून सगळ्यांनी एक दिवस बसून बघावेत.

"आजी, टायटल बोलो ना."

"विहिरीवाला."

"ऐसा कोई नहीं है."

"डावरा इन्स्पेक्टर बघ."

"आजी! असली नाम बोलो."

"असली नाव उलट्या बाजूला होतं."

इरा माझ्याकडे बघत राहिली. पोरीला वाटलं, दुःखाने आजीचं डोकं फिरलं. नितीन मात्र खाली मान घालून बसला होता. तुझ्यासारखाच बसतो तो, अंगठ्याने करंगळीचं नख घासत. म्हणाला, "मोठी आई, पण आईला शहाऐंशीच काहून? मैं तो तब था ही नहीं. पप्पांना विचारायचो तर ते उठून जायचे. असं काय होतं त्या साली?"

सगळे माझ्याकडे बघून राहिले. जन्मभर दुसऱ्यांचे शेवट आधीच सांगून टाकणारी मी. ओठांवर आलं होतं. तुझ्या फोटोवरचा हार वाऱ्याने थोडा हलला आणि मला मामंजींचं खाकरणंच ऐकू आल्यासारखं झालं.

मी म्हटलं, "पिक्चर चांगले होते रे. काय असणार दुसरं?"

"पण तुम्ही तर म्हणायचे, सगळे शिळे!"

"भाजी शिळी असते. पिक्चर नसतो. तुझ्या आईचंच खरं होतं. मी हरले."

आणि उठून चहा टाकला. सगळ्यांचा. घरात पहिल्यांदा त्या वादाचा चहा झाला. आलं जास्त पडलं, साखर कमी पडली, कोणी बोललं नाही. एरवी तू बोलली असतीस. कप पुसताना माझ्या लक्षात आलं, की मी आता तुझ्या बाजूला येऊन बसले आहे आणि माझ्या त्र्याऐंशीच्या बाजूने बोलायला कोणी उरलेलं नाही. तो हिंगाच्या वासाचा हीरो बिचारा अगदी पोरका झाला.

चहाने मला वाचवलं खरं, पण मन लागेना. नितीनने विचारलं होतं. तुला आयुष्यभर सलत होतं ते हेच ना, की कोणी विचारलंच नाही? आणि आता तुझाच मुलगा विचारून राहिला, तर मी त्याच्या हातात चहाचा कप दिला. मी गप्प राहिले तर त्या पोरीची गोष्ट माझ्या अस्थींबरोबर ग्वारीघाटला नदीत वाहून जाईल. बोलले, तर जे तू स्वतःच्या मुलाला सांगितलं नाहीस, ते मी चव्हाट्यावर मांडलं. यातलं कोणतं पाप मोठं, ते सांगायला तू नाहीस. त्यामुळे मी माझ्या स्वभावाला धरून वागले आहे. लिहून टाकलं आहे.

नितीन हे वाचेल. मराठी वाचायला त्याला वेळ लागतो, ओळीखाली बोट धरून वाचतो, पण तुझ्यावरचं आहे म्हणून शेवटपर्यंत वाचेल. त्याला कळेल की त्याला एक मोठी बहीण होती, आणि त्याची आई बोरीवर बसून, शेंगा फोडत, तिच्यासाठी एक अख्खं साल जपून होती. नाव मात्र मी इथे लिहिलेलं नाही. ते तू माझ्या हातावर ठेवलं होतंस, मंडळाच्या नाही. नितीनला हवं असेल तर तो येईल आणि विचारेल. मी आलं कमी घालून चहा करीन आणि त्याला सांगेन.

तुला राग आला असेल, तर ये रागवायला. म्हण की ताई, तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही. म्हण की पंचविशीत अक्कल नव्हती, आताही नाही. माझ्या हीरोला सर्दी झाली म्हण, त्याचे केस ओढून दाखव. वाटेल ते म्हण, सुलू.

फक्त 'हो ताई' म्हणू नकोस.